पिवळ्या खात्यातला कप्तान

माझ्या नातवाला जगातल्या यच्चयावत सुपरहिरोंची कुंडली तोंडपाठ आहे. कोणाची ताकद कशात, कोणाचं वैर कोणाशी, कोण कोणाचा मानलेला भाऊ, सगळं. परवा जेवताना त्याचं हे पुराण चाललेलं असताना मी सहज म्हटलं, आमच्याकडे पण एक होता बाबा, कॅप्टन कॉकेशस. त्याने जेवण अर्धं टाकून मोबाइलवर बराच वेळ खटपट केली आणि शेवटी म्हणाला, "आज्जी, एका ठिकाणी नुसतं नाव आहे. फोटो नाही, काही नाही. तू नक्की बघितलेलंस?" मी नक्की बघितलेलं. तीन अंक होते आमच्याकडे, आणि त्या तिन्ही अंकांचं काय झालं तेही मला ठाऊक आहे. अप्पा गेल्यावर आईने ते बंबात घातले आणि त्यावर तापलेल्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या. हे नातवाला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, जेव आधी, भात गार होतोय.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते अंक कल्याणला एका रद्दीवाल्याकडे मिळाले होते. अप्पा मॅट्रिक झालेले. इंग्रजी वाचायची भारी हौस, पण ती पुरवायला रद्दीवाल्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. अंक तेव्हाच इतके जुने होते की पान उलटताना कडेचा तुकडा हातात यायचा. पहिल्या पानावर बारीक अक्षरात मूळची ग्रीक गोष्ट दिलेली होती. प्रोमिथिअस नावाच्या एकाने देवांकडचा विस्तव चोरून माणसांना दिला, म्हणून देवांच्या राजाने त्याला कॉकेशस डोंगरावर साखळदंडांनी जखडून ठेवलं. रोज एक गरुड यायचा आणि त्याचं यकृत खाऊन जायचा. रात्रीत ते पुन्हा भरून यायचं आणि दुसऱ्या दिवशी गरुड हजर. कॉमिकवाल्यांनी या बिचाऱ्याला अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात आणून सोडलं होतं. देवांच्या राजाच्या जागी तिथे एका वीज कंपनीचा चेअरमन होता, आणि गरुड पोलादी, कंपनीच्या कारखान्यातच तयार झालेला. कॅप्टन संध्याकाळी शहरभर फिरून लोकांची कामं करायचा, आगी विझवायचा, चोर पकडायचा, आणि सकाळ झाली की आपल्या पायांनी कंपनीच्या गच्चीवर जाऊन साखळीत हात घालायचा. तो येत राहील तोवर गरिबांच्या वस्तीतले दिवे चालू राहतील, असा त्यांचा करार होता. अंगात गुडघ्यापर्यंतचा तांबडा झगा, पायात चपला, छातीवर मशाल. आई एकदा चित्र बघून म्हणाली, "एवढ्या बर्फात उघड्या तंगड्यांनी हिंडतोय, याला घरचं कोणी नाही का विचारणारं?" छपाई इतकी गचाळ की कप्तानाचा चेहरा एका चौकटीत गुलाबी तर पुढच्या चौकटीत चक्क पिवळा. पिवळा आला की मी म्हणायची, हे अप्पा.

कारण अप्पा पिवळे होते. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला आमची चाळ होती आणि तिथून थोड्या अंतरावर रंगाचे कारखाने. अप्पा त्यातल्या एकात ज्या खात्यात होते त्याला सगळे पिवळं खातं म्हणत. तिथे रंगाची भुकटी चाळून पिंपात भरायची. ती हवेत उडायची आणि माणसाच्या अंगावर बसायची, नुसती बसायची नाही तर आत जायची. कारखान्याचा भोंगा झाला की थोड्या वेळाने अप्पा गॅलरीच्या टोकाला दिसायचे, आणि मागून ऊन असलं तर कानाच्या पाळ्या झेंडूसारख्या दिसायच्या. आल्याबरोबर मोरीत जायचे. धुण्याचा सोडा आणि काथ्या घेऊन घासत बसायचे, त्या घासण्याचा खरखर आवाज म्हणजे आमच्याकडे संध्याकाळ झाल्याची खूण. एवढं करूनही घामातून पिवळं यायचंच. बनियन पिवळं, उशीवर डोक्याच्या आकाराचा पिवळा गोल, टॉवेल तर विचारूच नका. त्या खात्यातल्या माणसांची लघवीसुद्धा पिवळीजर्द असायची आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. शेजारच्या सावंतमावशी नळावर तिची थट्टा करायच्या, "तुझं बरं आहे बाई, आमच्या लग्नात एकदाच हळद लागली, तुझ्या नवऱ्याला रोज लागते." आई हसायची. तिला ती थट्टा आवडायची, असं मला आजही वाटतं.

जेवणं झाली की अप्पा देवांच्या तसबिरीखालच्या खिळ्यावरून तो सुतळीने बांधलेला गठ्ठा काढायचे. वाऱ्याला कधी सडक्या अंड्यांचा वास असायचा, कधी फार पिकलेल्या केळ्यांचा. मागच्या नाल्यात ज्या रंगाचं पाणी त्या रंगाचा माल आज निघाला, एवढं आम्हा पोरांना कळायचं. खिडकी लावून अप्पा वाचायला बसत. चित्रावर बोट ठेवत, इंग्रजी ओळ आधी मनात वाचत आणि मग मराठीत सांगत. चेअरमनचा त्यांनी शेठ केला होता. "शेठ म्हणतो, काय रे कप्ताना, आज उशीर झाला? कप्तान म्हणतो, शेठ, वाटेत एक म्हातारी पडली होती, तिला घरी सोडून आलो. शेठ म्हणतो, ते तुझं तू बघ, पाळीची वेळ पाळ." यातलं कप्तान किती बोलत होता आणि अप्पा किती, हे शोधायला आता अंक नाहीत. यकृत म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "आपण रविवारी मटण आणतो ना, त्यातली कलेजी. तीच माणसाच्या पोटात असते." दादा, माझा मोठा भाऊ वसंता, तेव्हा सायन्सच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्या वर्षाला असतो तेवढा शहाणा होता. तो म्हणाला, "अप्पा, काहीपण काय? लिव्हर असं रात्रीत परत येतं का?" अप्पा म्हणाले, "याचं येतं." दादाने विचारलं, "आणि हा पळून का जात नाही? एवढा ताकदवान आहे तर." अप्पांनी पान उलटलं. म्हणाले, "पळेल की. पण मग वस्तीतले दिवे जातील ना रे."

अप्पांचं जेवण कमी झालं ते आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते कधीच फार जेवणारे नव्हते. मग त्यांना फोडणीचा वास सोसेना. वालाचं बिरडं, जे एरवी ते वाटीला तोंड लावून संपवायचे, त्याकडे बघूनच बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. संध्याकाळी थोडा ताप, पायात गोळे, सारखी अंगाला खाज. आई म्हणाली भुकटीने खाज सुटली असेल, खोबरेल चोळलं. आता इतक्या वर्षांनी कोणी विचारतं, अहो पण माणूस पिवळा पडतोय हे घरात दिसलं नाही का? त्यांना काय सांगायचं? आमच्या घरातला माणूस पिवळा नसता तर आम्ही घाबरलो असतो. डोळेसुद्धा भुकटीने कायम लालपिवळे असायचे. शेवटी सावंतमावशींनीच गॅलरीत त्यांना थांबवून खालची पापणी ओढून बघितली, कारण त्यांचा दीर काविळीने आजारी होता आणि तसले डोळे त्यांनी रोज बघितले होते. दादा म्हणाला, "दवाखान्यात जाऊया." अप्पा म्हणाले, "कंपनीच्या डॉक्टरने कावीळ लिहिली की सक्तीची रजा. तो देशमुख गेला रजेवर, परत आला तर त्याच्या जागेवर दुसराच उभा. तुझं कॉलेज व्हायचंय अजून." मग सावंतमावशींनी हिराआजीचं नाव काढलं आणि सगळ्यांनाच जरा सुटल्यासारखं झालं.

मानपाड्याच्या पलीकडे आगऱ्यांचं जुनं गाव होतं, तिथे हिराआजी कावीळ उतरवायची. पैसा घ्यायची नाही, बरं वाटल्यावर देवापुढे एक नारळ ठेवायचा एवढंच. पितळेच्या परातीत चुन्याची निवळी घ्यायची, त्यात कसल्याशा पाल्याचा रस टाकायचा, तोंडाने काही पुटपुटत माणसाचे दंड वरून खाली चोळत यायचं आणि त्याचे हात त्या पाण्यात धुवायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, कावीळ बाहेर येतेय. ज्या दिवशी पाणी पांढरं राहील त्या दिवशी ती उतरली. अप्पा कामावरून सुटले की तसेच परस्पर तिकडे येत आणि मी आईबरोबर घरून जात असे. पहिल्या दिवशी त्यांनी हात बुडवले मात्र, परात हळदीच्या पाण्याने भरल्यासारखी झाली. हिराआजीने आईकडे वळून बघितलं. "बग गो बाय, केवडी साचलीवती अंगान. निंगतंय पन. तू भिव नको." आईने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. घरी येताना आई इतकी बोलत होती की मला नवल वाटलं. मुळ्याचा रस, ताक, ज्वारीच्या लाह्या, तेल नाही, हळद नाही, असं हिराआजीने सांगितलेलं सगळं ती तोंडाने पुन्हा पुन्हा घोकत होती. अप्पा शेजारून चालत होते. मधेच त्यांनी आपले तळहात उलटेसुलटे करून बघितले.

असं रोज चाललं. अप्पा सकाळी कामावर जात, संध्याकाळी परात पिवळी होई, आणि आई समाधानाने घरी येई. अप्पा वाळत चालले होते, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, पण आई म्हणायची, एवढं बाहेर पडतंय तर माणूस वाळणारच. कप्तानाचं वाचन मात्र बंद नव्हतं. भिंतीला टेकून, डोळे मिटून, न बघताच ते सांगायचे. मग बॉयलरची तपासणी निघाली आणि अप्पांचं खातं काही दिवस बंद राहिलं. ते घरीच होते. सकाळी सोडा आणि काथ्या, संध्याकाळी पुन्हा सोडा आणि काथ्या, दुसरं काम नव्हतंच. परातीतलं पाणी फिकट होत गेलं आणि एका संध्याकाळी हात धुतल्यावर ते होतं तसंच राहिलं. चुन्याचं पांढुरकं पाणी, त्यात अप्पांची बोटं दिसत होती. हिराआजीने परात उचलून उजेडात धरली. "उतरली. आता खाव दे त्याला, काय पायजे तां." आईने नारळ बरोबरच आणला होता, रोजच आणायची.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईने मटण आणलं, कोकणातून आलेला घरचा मसाला घातला, वडे केले. कलेजी नेहमी अप्पांच्या ताटात, तशी त्या दिवशीही वाढली. सावंतमावशींना वाटी गेली. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "काय भावोजी, उतरली ना हळद?" अप्पा म्हणाले, "उतरली तर. सोमवारपासून परत चढेल." सगळे हसले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी कलेजीचे दोन तुकडे खाल्ले, बाकीचे माझ्या ताटात सरकवले आणि पाणी प्यायले. दुपारी मी तिसरा अंक काढून आणला. त्याची शेवटची पानं नव्हती, कप्तान गच्चीवर साखळीत आणि वर आभाळात एक ठिपका, इथे गोष्ट तुटत होती. मी हट्टच धरला की आज शेवट सांगाच. अप्पांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्या दिवशी गरुडाला सुट्टी होती. कप्तान झोपला छान." मला तो शेवट मुळीच आवडला नाही आणि मी तसं सांगितलं.

खातं पुन्हा सुरू झाल्यावर चार दिवस जेमतेम गेले असतील. अप्पा कारखान्याच्या फाटकात बसले ते उठलेच नाहीत, उलटीत रक्त पडलं. टॅक्सीने त्यांना ठाण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, पुढे दादा, मागे आईच्या मांडीवर अप्पांचं डोकं आणि पायाशी मी. घरी मला ठेवणार कोणाकडे, हा विचार करण्याइतका वेळच नव्हता. कळव्याच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा अप्पांनी मला माझं नाव विचारलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आईला एकेक प्रश्न विचारला आणि आईने हिराआजीपासून सगळं सांगितलं, परात, पिवळं पाणी, मग पांढरं पाणी. बाई ऐकत होत्या. त्यांनी स्पिरिटचा कापूस घेतला, अप्पांच्या तळहातावर फिरवला आणि आईसमोर धरला. कापूस पिवळा झाला होता. मग त्यांनी अप्पांचा डोळा उघडून दाखवला. "आई, हा कारखान्याचा पिवळा. धुतला की जातो. आणि हा काविळीचा. हा हातातून निघत नाही. हे कामावर गेले तेव्हा पाणी पिवळं झालं, सुट्टी होती तेव्हा नाही झालं. एवढंच झालंय ते." आईने तो कापूस बाईंच्या हातातून घेतला. दादाने विचारलं, "आता काय करायचं?" बाईंचा आवाज जरा खाली आला. "लिव्हर खराब झालं तरी परत भरून येतं, माहितेय का तुला? शरीरात तेवढं एकच तसं आहे. पण त्याला स्वस्थ पडू द्यावं लागतं रे. हे रोज परत तिथेच जात होते." दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो रडतोय हे मला पाठीवरून कळलं. अप्पा त्यानंतर शुद्धीवर आले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गेले.

अप्पांना हे कळत होतं का, हा प्रश्न मी आयुष्यभर चघळला आहे. आपल्या हातांचा रंग त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? रोज अर्धा तास सोड्याने घासणाऱ्या माणसाला परातीत काय उतरतंय हे कळू नये, हे मला पटत नाही. मग गप्प का राहिले? कधी वाटतं, आईच्या तोंडावरचा तो आनंद त्यांना मोडवला नसेल. कधी वाटतं, त्यांनाही ते खरंच वाटायला हवं होतं, की आत साचलेलं असं हातातून निघून जातं आणि नारळावर भागतं. आणि कधी मला त्यांचा भयंकर राग येतो. सत्तरीच्या घरात आले, अजून येतो. दहाव्याला हिराआजी गावातून चालत आली. गॅलरीत बसली, पाणी घेतलं नाही. आईला म्हणाली, "रंगान काम करतो ता मना सांगितला नाय गो तू?" आई म्हणाली, "तुम्हाला दिसत नव्हतं?" हिराआजी म्हणाली, "आमचे गावान सगलीच रंगाची मान्सा. रंग आता डोल्याला दिसतच नाय. मना वाटला, पानी पिवला ता कावीलच हाय." आईने तिला दोष दिलेला मी कधी ऐकला नाही.

तेराव्याचं जेवण उरकलं तेव्हा कंपनीतून टाइमकीपर कदम आले. बरा माणूस होता, चपला बाहेर काढून आत आला, अप्पांच्या फोटोला हात जोडले. म्हणाले, "वहिनी, साहेबांनी जागा ठेवलीय. वसंताला सोमवारपासून घ्यायला तयार आहेत. बापाच्या जागी मुलगा, आपल्याकडे रीतच आहे तशी." दादाने पुस्तकं आधीच दोरीने बांधून फळीवर टाकली होती, हे आमच्या घरात सगळ्यांनी बघितलं होतं आणि कोणीच त्याबद्दल बोललं नव्हतं. तो म्हणाला, "मी येतो." आई त्या दिवसांत बोलतच नसे. कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसायची, विचारलेल्याला मान हलवायची. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. मी तिच्याकडे बघत होते, दादाही बघत होता, आणि मला आजही माहीत नाही की तिने नाही म्हटलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं.

आईने विचारलं, "कुठल्या खात्यात?"

कदमांना हा प्रश्न अपेक्षित नसावा. "त्यांचीच जागा, म्हणजे पिवळ्यातच. पण तुमच्या मनात नसेल तर निळ्यातही एक माणूस लागतोय. काम तेच, भुकटी तीच. उलट निळा जास्त चिवट, नखातून वर्ष वर्ष जात नाही. पोराला त्रास होईल."

"निळ्यात घ्या," आई म्हणाली.

"अहो वहिनी, पण त्याने काय फरक पडतो?"

आईने दादाकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, त्याच्या हातांकडे, आणि मग वर डोळ्यांकडे.

"निळ्यात असताना पिवळा पडला," ती म्हणाली, "तर मला दिसेल तरी."